कबुली कुणाच्या दारात?

वाचकाचं पत्र :

ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, वय 46, एका पतसंस्थेत क्लार्क. सहा वर्षांपूर्वी आमच्या शाखेत सोनेतारणाचं एक प्रकरण झालं. कर्ज पूर्ण फिटायच्या आधीच कर्जदाराला दागिने परत दिले गेले. शाखाधिकाऱ्यांनी तसं तोंडी सांगितलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. ठपका मात्र कॅशिअरवर आला. तो माझा शाळेपासूनचा मित्र. चौकशीत मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, ‘मला काही माहीत नाही.’ त्याच्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही, पण त्याच्या बाजूनेही बोललो नाही. त्याने राजीनामा दिला, रक्कम भरायला वाट्याची जमीन विकली. आता पिठाची गिरणी चालवतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आमच्यापुढे तीन बाकं सोडून बसतो. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवाने क्षमा केली आहे. बायकोला सांगितलं. उपास-प्रार्थनेच्या सभेत नाव न घेता साक्षही दिली. तरी दोन वर्षं मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधल्या विधीतली भाकरी आणि द्राक्षारस, घेत नाही. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी आली, मी गेलो नाही. येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणारा शिष्य पेत्रही चुकला, पैसे घेऊन येशूला धरून देणारा शिष्य यहूदाही चुकला. एकाला क्षमा मिळाली, दुसऱ्याला नाही. ताई, मी यांतला कोण? यहूदाने शेवटी जे केलं ते मला आता समजू लागलंय.

– एक वाचक

प्रिय बंधू,

सलाम. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. ‘समजू लागलंय’ याचा अर्थ यहूदासारखे जीव देण्याचे विचार मनात येतात असा असेल, तर पुढचं वाचायच्या आधी ते बायकोला सांगा. आज, स्पष्ट शब्दांत. तिला सांगवत नसेल तर 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. फोनवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे झाल्याशिवाय पेत्र आणि यहूदाच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही.

आता तुमचा प्रश्न. तो तुम्ही जसा मांडलात तसा मला मान्य नाही. एकाला क्षमा मिळाली, दुसऱ्याला नाही, असं आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो. (कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशूने पेत्राला सांगितलं होतं. आमच्या शब्बाथ शाळेच्या नाटकात कोंबड्याचा आवाज काढायचं काम माझ्याकडे असे. पेत्र झालेला मुलगा दरवर्षी आधीच रडायला लागायचा आणि माझं आरवणं वाया जायचं.) पण बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान घेऊन बसा आणि येशू धरला गेला त्या रात्री त्या दोघांनी व दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय केलं ते पाहा. हिशेब लावला तर यहूदाने पेत्रापेक्षा जास्त केलं. त्याला पस्तावा झाला, ते मत्तय सरळ सांगतो. त्याने तीस रुपये परत नेले. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, असं तोंडाने कबूल केलं. पेत्राने यातलं काहीही केलं नाही. तो बाहेर गेला आणि रडला, इतकंच.

मग फरक कुठे पडला? मला वाटतं, दारात पडला. यहूदा कबुली घेऊन गेला तो मुख्य याजकांकडे आणि यहूदी वडीलजनांकडे, म्हणजे ज्यांनी पैसे मोजून त्याला विकत घेतलं होतं त्यांच्याच दारात. त्यांनी काय उत्तर दिलं? त्याचं आम्हांला काय, तुझं तू बघ. इतकं कोरडं वाक्य अख्ख्या नव्या करारात क्वचितच सापडेल. आणि पेत्र? योहानाच्या शुभवर्तमानात रविवारी पहाटे मग्दालीया मरीया रिकामी कबर पाहून धावत सुटते ती थेट शिमोन पेत्राकडे आणि दुसऱ्या एका शिष्याकडे. तो कुठे सापडेल हे तिला ठाऊक होतं. शुक्रवारी महायाजकाच्या वाड्यात ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हणणारा रविवारी आपल्याच माणसांत होता. त्याला कुणी आत घेतलं, काय बोलणं झालं, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. मला तरी ती न लिहिलेली शनिवारची रात्र सगळ्या गोष्टीतली सगळ्यांत मोठी वाटते.

बंधू, तुमची यादी पाहा. पाळकसाहेब, बायको, उपास-प्रार्थनेची सभा, आता मी. चार दारं झाली. एकही चुकीच्या माणसाचं नाही, आणि आम्ही कुणी ‘तुझं तू बघ’ म्हणालो नाही. पण गिरणीचं दार त्या यादीत नाही. सहा वर्षं तुम्ही त्याची पाठ पाहताय, तीन बाकांवरून. पाळकसाहेब बोलले ते खोटं नाही, पण देवाने क्षमा केली म्हणून त्या मित्राचीही पावती त्यांनी फाडली असं होत नाही. ती त्यांची नव्हेच.

तुमच्या पत्रातलं आणखी एक वाक्य सोडून देता येत नाही : त्याच्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही. ही सबब फार जुनी आहे. इ.स. 250च्या सुमारास देकियस नावाच्या रोमी सम्राटाने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना यज्ञबली वाहावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असले दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत, खाली साक्षीदारांच्या सह्यांसकट. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीने बली वाहिला. आणखी पुष्कळांनी वेगळीच वाट काढली : बली वाहिलाच नाही, अधिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून फक्त कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी परत आले आणि म्हणाले, आम्ही धूप जाळला नाही हो, कागद तेवढा घेतला. रोममध्ये नोवाशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, मंडळीत परत घेणं नाही. कार्थेजचा बिशप कुप्रियान (त्या छळात तो स्वतः लपून बसला होता, त्यावरून त्याला बोलणीही खावी लागली) म्हणाला, परत घ्यायचं, पण प्रायश्चित्तानंतर, आणि प्रत्येकाचं प्रकरण वेगळं पाहून. कागद घेणारे आणि बली वाहणारे त्याने एका मापाने मोजले नाहीत, पण कागदवाल्यांना निर्दोष म्हणून सोडूनही दिलं नाही. तुमचं ‘मला काही माहीत नाही’ म्हणजे तोच कागद आहे. वाड्याच्या अंगणात पेत्रानेही येशूवर कसला आरोप केला नव्हता. त्याचंही ‘माहीत नाही’च होतं.

त्या अंगणाकडे जरा थांबून पाहू, कारण तुमची भीती मला तिथे ओळखू येते. काही तासांपूर्वी हाच माणूस म्हणाला होता, बाकीचे सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. आणि तो अगदीच पोकळ बोलला असं नाही. गेथशेमाने बागेत शिपायांसमोर तलवार उपसून त्याने महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान उडवला. इतर पळाले तेव्हा लांबून का होईना, तो मागे गेला. तलवारीपुढे तो डगमगला नाही, डगमगला तो शेकोटीपाशी, एका मोलकरणीच्या साध्या प्रश्नापुढे. गालीलची बोली तोंडात होती, बोलला की उघडा पडायचा. माणूस मोठ्या लढाईची तयारी करून बसतो आणि टेबलापलीकडून कुणी पेन हातात धरून सहज विचारतं, ‘तुम्ही तिथे होता का?’ तिथे घसरतो. चौकशीच्या खोलीत तुम्हांलाही असंच कुणी सहज विचारलं असेल.

योहानाने एक बारकावा टिपून ठेवलाय. अंगणात पेटवलेली आग कोळशांची होती. पुढे एकविसाव्या अध्यायात, तिबिर्य समुद्राच्या किनाऱ्यावर, पुनरुत्थित येशू शिष्यांसाठी न्याहारी करतो तीही कोळशांच्या आगीवर. मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. रात्रभर मासे न मिळालेले सात जण मचव्यात होते, किनारा दोनशे हातांवर. ‘हा प्रभू आहे’ असं कळताच पेत्राने अंगरखा कंबरेला गुंडाळून पाण्यात उडी टाकली. मचव्यातून सावकाश येता आलं असतं, पण त्याला थांबवेना. मग 153 मासे, भाकरी, न्याहारी. आणि सगळ्यांचं खाऊन झाल्यावर तीनदा एकच प्रश्न : योहानाच्या पुत्रा शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस काय?

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, ‘जाऊ दे रे, झालं गेलं’ असं येशू एकदाही म्हणत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं योहान लिहितो. वाटणारच, जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा विचारलं. दुसरी, प्रत्येक उत्तराला येशूचा जबाब एकच, काम : माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. ‘क्षमा’ हा शब्द त्या संभाषणात कुठेच नाही. गुन्ह्याचा पाढा नाही, पेत्राचा खुलासा नाही, ‘मी त्या रात्री फार घाबरलो होतो’ नाही. शेकोटीही तशीच, प्रश्नही तितकेच, आणि हातात काम.

पण बंधू, इथे मी तुम्हांला एका गोष्टीपासून सावध करणार आहे. ही कथा ऐकून आपल्याला वाटायला लागतं, दुखावलेल्या माणसाने आपल्यासाठी अशी शेकोटी पेटवावी. तुमचा मित्र प्रभू येशू नाही. तो गिरणी चालवणारा माणूस आहे. त्याची जमीन गेली, नाव गेलं. माफ करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. लग्नाच्या पत्रिकेचंही तेच. तुम्ही तिचा उल्लेख केलात त्यावरून ती तुमच्या मनात रुतली आहे हे कळतं. ती शेकोटी असू शकेल. मंडळीतल्या सगळ्या घरांना गेलेली एक पत्रिकाही असू शकेल. त्यावरून अंदाज बांधत बसू नका. पत्रिका काहीही असो, उडी तुम्हांलाच टाकायची आहे.

समजा तुम्ही गेलात आणि त्याने दार लोटून घेतलं, तर? त्यासाठी मार्काची गोष्ट सांगते, कारण पेत्राची फार गोड होत चाललीय. योहान मार्क हा यरुशलेमेतल्या मरीयेचा मुलगा, बर्णबाचा नातलग. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा सुवार्तेच्या पहिल्या प्रवासाला निघाले तेव्हा तो त्यांच्या हाताखाली होता. पंफुल्यातल्या पिर्गापर्यंत गेला आणि तिथून त्यांना सोडून घरी परतला. का, ते ही हकीकत लिहिणारा लूक लिहीत नाही. घरची आठवण, आजार, डोंगराची भीती, पौलाशी न पटणं, काहीही असेल. पुढे, सुमारे इ.स. 49नंतर, पुन्हा निघायची वेळ आली. बर्णबा म्हणाला, मार्काला घेऊ. पौल म्हणाला, आपल्याला अर्ध्यावर सोडून गेलेला माणूस नको. इतकं कडाक्याचं भांडण झालं की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला, पौल सीलाला घेऊन दुसरीकडे.

मला यात पौलाचा राग येत नाही, हे कबूल करते. ज्याला एकदा वाटेत टाकलं, त्याला दुसऱ्यांदा भरवसा ठेवायला वेळ लागणारच, आणि तो वेळ मागण्याचा त्याला हक्क आहे. तुमच्या मित्रालाही आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौल आपल्या सहकाऱ्यांची नावं देतो, त्यांत मार्क आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर म्हटलंय की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. (हे पत्र पौलाच्याच हातचं का, यावर अभ्यासक वाद घालतात. घालू देत. फिलेमोनाच्या पत्राबद्दल तसा वाद नाही.) मधल्या वर्षांत काय घडलं ते कुणी सांगितलेलं नाही. एवढं दिसतं की मार्काने काम सोडलं नाही, कुणीतरी त्याला काम देत राहिलं, आणि वर्षं जाऊ दिली गेली. एका भेटीत काहीच मिटलं नसणार.

आता करायचं काय, ते सांगते.

गिरणीत गर्दी नसते अशा वेळी जा. एकटे जा. पाळकसाहेबांना मध्ये घालू नका, बायकोला पुढे करू नका, मिठाईचा पुडा नेऊ नका. लग्नाचा आहेर घेऊन तर मुळीच जाऊ नका, त्याला तो परत करताही येणार नाही. उभ्याउभ्या बोलायला लागलं तरी चालेल. बोलायचं थोडंच आहे : साहेबांनी दागिने द्यायला सांगितलं ते मी ऐकलं होतं, चौकशीत दोनदा विचारलं, मी दोनदा माहीत नाही म्हणालो, नोकरी जाईल म्हणून घाबरलो, तुझी गेली. एवढं झालं की गप्प बसा. ‘मला माफ कर’ हे प्रश्न म्हणून विचारू नका. विचारलंत की उत्तर द्यायचं ओझं त्याच्या डोक्यावर जातं. तो ओरडला तर ऐकून घ्या. हे सगळं मला ठाऊकच होतं, असं म्हणाला तर (बहुधा असंच म्हणेल) तेही ऐकून घ्या.

मग त्याला एकच विचारा : मी हे आता लेखी देऊ का?

कारण तुमचं काम गिरणीत संपत नाही. येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय खाली उतरला तेव्हा ‘मला पस्तावा झाला’ म्हणून थांबला नाही. ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट देतो म्हणाला. आणि पेत्राचंही पाहा. प्रेषितांच्या कृत्यांत, चौथ्या अध्यायात, तो यहूदी धर्मसभेपुढे उभा आहे, आणि समोर बसलेत महायाजक हन्ना आणि कयफा. तेच घराणं, ज्यांच्या अंगणात तो शेकोटीपाशी बसून ‘ओळखत नाही’ म्हणाला होता. त्यांच्यासमोर तो म्हणतो, जे आम्ही पाहिलं आणि ऐकलं ते बोलल्यावाचून आम्हांला राहवत नाही. जिथे गप्प बसला होता तिथेच बोलला. त्याच्या एकच अध्याय आधी मंदिरातल्या लोकांना तो बजावतो : त्या पवित्र आणि नीतिमान पुरुषाला तुम्ही नाकारलंत. हा शब्द तोंडातून काढताना त्याची जीभ अडखळली असेल का, असा विचार तो अध्याय वाचताना दरवेळी माझ्या मनात येतो. ‘नाकारणं’ त्याच्याइतकं त्या गर्दीत कुणाला ठाऊक होतं?

तुमची सभा म्हणजे पतसंस्थेचं संचालक मंडळ आणि तालुक्याचं सहायक निबंधकांचं कार्यालय. तुम्ही ऐकलं ते तारीखवार लिहून, सही करून देता येईल. आधी एखाद्या वकिलाला दाखवा. तुमच्या नोकरीवर काय येऊ शकतं ते समजून घ्या, बायकोशी बोला, मुलांच्या फीचा हिशेब मांडा. मी इथे बसून तुम्हांला शूर व्हा म्हणणार नाही, माझी नोकरी जाणार नाहीये. पण मित्राला विचारल्याशिवाय तो कागद कुठे देऊ नका. फाइल त्याच्या आयुष्याची आहे. पोरीचं नुकतंच लग्न झालंय, सासरी पुन्हा चर्चा नको, असं त्याला वाटू शकतं. तसं असेल तर कागद लिहून, सही करून त्याच्या हातात द्या. कधी वापरायचा, वापरायचा की नाही, ते त्याचं तो ठरवेल. स्वतःचं मन हलकं व्हावं म्हणून त्याची जखम चव्हाट्यावर उघडू नका. सभेत नाव न घेता साक्ष दिलीत, तेव्हा तुम्ही थोडं तेच केलंत. तीन बाकं पुढे बसलेल्याला ती कुणाची गोष्ट होती हे कळलं नसेल असं समजू नका.

एवढं सगळं केल्यावर तुम्ही कायमचे निडर व्हाल, असं मी कबूल करून देऊ शकत नाही. पेत्रही झाला नाही. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून काही माणसं आली तेव्हा ती काय म्हणतील या भीतीने ताटावरून उठून वेगळा बसू लागला. पौलाने सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं, आणि गलतीकरांच्या पत्रात ते लिहूनही ठेवलं. तोपर्यंत पेत्र मंडळीचा आधारस्तंभ झाला होता. माणसांची भीती त्याची गेली नव्हती. आमच्या थोरल्या माणसाचं हे सगळं आम्ही झाकलं नाही, चारही शुभवर्तमानांत त्याचं नाकारणं लिहिलं, याचा मला आपल्या धर्माबद्दल फार अभिमान वाटतो. गावोगावच्या चर्चच्या शिखरांवर वारा दाखवणारा कोंबडा बसवायची युरोपात जुनी चाल आहे. यरुशलेमेत तर सियोन डोंगराच्या उतारावर कोंबड्याच्या आरवण्याच्याच नावाचं चर्च आहे. लाज इतक्या उंचावर टांगून ठेवणारे लोक मला आवडतात.

राहिलं प्रभुभोजन. तुम्ही दोन वर्षं ते घेत नाही, कारण स्वतःला यहूदा समजता. पण येशू धरला गेला त्या रात्री, पहिल्या प्रभुभोजनाच्या मेजावर यहूदाही होता, पेत्रही होता, आणि पहाटेपर्यंत पळून गेलेले बाकीचेही होते. योग्य माणसांसाठी ते भोजन असतं तर येशूला एकट्यालाच जेवावं लागलं असतं. तरीही तुम्ही थांबलात ते मला चुकीचं वाटत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की वेदीपाशी अर्पण आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, मग ये. फक्त बंधू, ‘तिथेच ठेव’ याचा अर्थ दोन वर्षं ठेव असा नाही. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवाराआधी गिरणीत जाऊन या. तो बोलला नाही तरी त्या रविवारी पुढे या. तिकडे जाण्याचं तुमचं काम तेवढं झालेलं असेल.

काय झालं ते मला कळवा. छापण्यासाठी नव्हे. आणि सुरुवातीला सांगितलं ते आजच करा.

तुमची,
ताई